नगरपरिषदेत कलेक्टर ऑफिस, मंत्रालय अन् दिल्लीवाल्या खात्यांशी पाठपुरावा कोणती समिती करते? नवीन सदस्य आहे, सांगा

प्रभाग_पाच

नमस्कार मंडळी. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत आमच्या गावच्या नगरपरिषदेवर पहिल्यांदाच निवडून आलो. क वर्ग नगरपरिषद, तालुक्याचं गाव, चारी बाजूनं कापूस-तूर-सोयाबीन. मधली काही वर्षं प्रशासक होते, त्यामुळं जुने सदस्य बी म्हणतात का कोणती फाइल कुठं अडकली ते आता कोणालेच नीट माहीत नाही.

माझा प्रश्न असा आहे. माझ्या प्रभागातले तीन मोठे विषय आहेत अन् तिन्ही आमच्या हातातले नाहीत. एक, गावातून राष्ट्रीय महामार्ग जाते, त्याच्या बाजूची नाली बाजारापाशी मधातच संपते, पावसाळ्यात सारं पाणी किराणा दुकानात शिरते. मागच्या ऑगस्टात एका दुकानदाराच्या गव्हाच्या पोत्यायले कोंब फुटले, मी डोळ्यानं पाह्यले. दोन, कचरा टाकायची जागा सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहून आहे, म्हणून तिथं शेड बी बांधता येत नाही अन् गाडी बी उभी करता येत नाही. तीन, पाणी धरणातून येते, त्याचा पाटबंधाऱ्याशी करार संपला का चालू आहे हेच कळून नाही राह्यलं.

जानेवारीत विषय समित्या झाल्या. मी बांधकाम समितीत आहो. पहिल्याच बैठकीत नालीचं विचारलं तर उत्तर भेटलं, तो रस्ता आपला नाही. स्वच्छता समितीत विचारलं तर म्हणे जागा महसूलची आहे का वनविभागाची ते आधी ठरू द्या. म्हणजे जे दुसऱ्या सरकारच्या हातात आहे ते कोणत्याच समितीचं नाही. मग ते करते कोण? कायद्यात यासाठी काही वेगळी समिती आहे का? ज्यायनं हे काम केलं त्यायनं कृपा करून सांगा, मले खरंच शिकायचं आहे.

निवृत्त_लेखापाल

भाऊ, अभिनंदन अगोदर. तुम्ही जो प्रश्न विचारला तो मी नोकरीत असताना पुष्कळ जणांनी विचारायला पाहिजे होता, कोणी विचारला नाही.

सरळ उत्तर: अशी वेगळी समिती नाही. आपण चालतो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ वर. त्यात स्थायी समिती आहे आणि विषय समित्या आहेत, बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, शिक्षण, नियोजन व विकास, महिला व बालकल्याण. बाहेरच्या सरकारी खात्यांशी संबंध ठेवणं हा विषय कोणाच्याच नावावर लिहिलेला नाही. पण स्थायी समितीची रचना पहा, नगराध्यक्ष हेच सभापती, सोबत उपाध्यक्ष आणि सगळ्या विषय समित्यांचे सभापती. म्हणजे सगळ्या दोऱ्या जिथं एकत्र येतात ती एकच जागा आहे आणि हे काम तिथंच व्हायला पाहिजे. दुसरीकडं कुठं ठेवाल तर हरवेल.

हरवते कशी ते सांगतो. विषय समितीच्या सभापतीची मुदत असते एक वर्ष. वरून निधी आणायचा तर प्रस्ताव मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं जातो कलेक्टर ऑफिसच्या नगरपरिषद शाखेत, तिथून संचालनालय, तिथून मंत्रालयात नगरविकास विभाग, मधात तांत्रिक मान्यता वेगळी, प्रशासकीय मान्यता वेगळी, निधी वितरणाचा आदेश वेगळा. हे एका वर्षात क्वचितच संपते. सभापती बदलला की नवीन माणूस शून्यापासून. मी एका नगरपरिषदेत बदलून गेलो तेव्हा (नाव सांगत नाही) जुन्या कपाटात एक त्रुटीचं पत्र सापडलं. वरच्या ऑफिसनं एवढंच मागितलं होतं की नकाशावर गट नंबर चुकला आहे, दुरुस्त करून पाठवा. पाकिटावर सभापतींचं पद लिहिलेलं, त्यांची मुदत संपलेली, आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या पत्रांच्या वहीत, नोंद झाली आणि पाकीट तसंच टेबलाच्या खणात. पाच महिने. एका गट नंबरासाठी त्या वर्षीचा निधी गेला, आणि ती पाण्याची टाकी होती हो, बायका उन्हात हंडे घेऊन फिरत होत्या तिच्यासाठी.

म्हणून माझं म्हणणं, नवीन समिती मागण्यापेक्षा एक रजिस्टर मागा. ठराव क्रमांक, प्रस्ताव कोणाकडे गेला, जावक क्रमांक व तारीख, तिकडचा आवक क्रमांक, सध्या कोणत्या टेबलावर, त्रुटी काय, पूर्तता कधी केली. आणि स्थायी समितीच्या प्रत्येक बैठकीत विषय क्रमांक १ म्हणून ते रजिस्टर वाचायचं. तिकडचा आवक क्रमांक मात्र सोडू नका. तो नसला की समोरचा म्हणतो तुमचं पत्र आलंच नाही, आणि तुमच्याकडं दाखवायला काही राहत नाही.

माजी_सभापती_ताई

दादांनी लिहिलेलं अगदी बरोबर आहे, मी पाणीपुरवठा सभापती होते एक वर्ष, तुमच्या तिसऱ्या विषयाबद्दल सांगते.

करार शोधायचा तर पाणीपुरवठा विभागात शोधू नका, लेखा शाखेत जा. पाटबंधाऱ्याची पाण्याची बिलं जिथं लागतात त्याच गठ्ठ्यात कराराची झेरॉक्स असते, आम्हाला तिथंच सापडली. त्यांचं वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, आपलं एप्रिल ते मार्च, म्हणून दोघांचा हिशोब कधी जुळत नाही आणि थकबाकी किती यावरून वाद होतो. दर तर ना ते ठरवतात ना आपण, तो महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, म्हणून दरावरून कार्यकारी अभियंत्यांशी भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं असेल तर मोजमापावर. आमच्या इंटेक वेलवरचं, म्हणजे धरणातून पाणी उचलतो त्या विहिरीवरचं, मीटर बंद होतं, मीटर बंद असलं की अंदाजानं बिल येतं. मी आमचे दोन फिटर आणि त्यांचा एक कर्मचारी असे तिघं एकत्र उभे करून रोज सकाळी सहाला पंप किती तास चालला ते वहीत लिहायला लावलं, दोघांच्याही सह्या, पूर्ण एक महिना. ती वही घेऊन गेलो तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं, त्याच्या आधी नुसती पत्रं.

आणि पावसाळा संपला की जिल्हाधिकाऱ्यांकडे पिण्याच्या पाण्याच्या आरक्षणाची बैठक होते. धरणात किती साठा आहे, कोणत्या गावाला किती ठेवायचं ते तिथं ठरतं. त्या बैठकीत आपली मागणी आकड्यात आणि लेखी असली पाहिजे. आमच्याकडून आधी नुसता एक कर्मचारी जायचा, सही करून यायचा. मी गेले तेव्हा कळलं की आपल्या गावची लोकसंख्या अजून २०११ चीच धरली होती, आणि हद्दीबाहेरची जी तीन लेआउट आपल्याच पाइपवर आहेत ती कुठंच नव्हती. तेवढ्यासाठी तरी सभापतीनं स्वतः जावं. बसचं भाडं स्वतःचं गेलं तरी चालते, पण जा.

वर्धेकडचा_अभियंता

नालीचं मी सांगतो, हा माझा रोजचा विषय आहे.

पहिले हे पाहून घ्या की तुमच्या गावातला तो तुकडा कोणाकडे आहे. राष्ट्रीय महामार्ग म्हटलं की लोक सरळ एनएचएआय, म्हणजे केंद्राचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, म्हणतात पण प्रत्येक राष्ट्रीय महामार्ग त्यांच्याकडे नसतो, बरेच तुकडे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आहेत, पैसा दिल्लीचा अन् काम करून घेणार राज्याचा अभियंता. चुकीच्या ऑफिसात पत्र गेलं की ते दोन महिन्यांनी "संबंधितांकडे वर्ग" होऊन येते अन् पावसाळा निघून जाते.

मग एकच शब्द ध्यानात ठेवा, संयुक्त पाहणी. नुसतं पत्र लिहू नका. पत्रात तारीख मागा, त्यांचा उपअभियंता, तुमचा नगर अभियंता, भूमी अभिलेखचा मोजणीवाला अन् तुम्ही स्वतः, सगळे एकाच दिवशी त्या नालीवर उभे पाहिजे. टेप लावा. रस्त्याच्या मध्यरेषेपासून महामार्गाची हद्द कुठपर्यंत, नाली कोणत्या चेनेजला (रस्त्याच्या किलोमीटर-मीटरच्या खुणेला) संपते, तिथून नैसर्गिक उतार कोणत्या नाल्याकडं, तो नाला कोणाच्या गटातून जाते, हे सगळं जागेवरच लिहून तिथंच सह्या. ऑफिसात गेल्यावर सही होत नाही. बहुतेक वेळा असं निघते की हद्दीतली नाली त्यांची अन् हद्दीबाहेर नाल्यापर्यंत पाणी नेणं नगरपरिषदेचं, म्हणजे दोघंही अर्धे जबाबदार असतात अन् दोघंही पूर्ण नाही म्हणत असतात. तुमचा अर्धा हिस्सा तुम्ही आधी अंदाजपत्रकात टाका, मग त्यांच्याकडं मागायला तोंड राहते.

दूरदेशी_यवतमाळकर

मी मूळ यवतमाळ जिल्ह्यातला, काही वर्षं लॉस एंजेलिसला नोकरीनिमित्त राहिलो, तिथं शहराचं कामकाज बघायची सवय लागली म्हणून लिहितोय. तुम्ही जी समिती विचारताय तशी तिथं खरंच आहे. लॉस एंजेलिस सिटी कौन्सिलची रूल्स, इलेक्शन्स अँड इंटरगव्हर्नमेंटल रिलेशन्स नावाची समिती. कौन्सिलमध्ये सदस्य फक्त १५, शहर केवढं मोठं, पण इतर सरकारांशी संबंध हा विषय समितीच्या नावातच लिहिलाय.

काम कसं चालतं ते मला फार आवडलं. राज्याची राजधानी सॅक्रामेंटो, लॉस एंजेलिसपासून सहाशे किलोमीटरच्या वर. तिथं विधिमंडळात एखादं बिल आलं की ज्याचा शहरावर परिणाम होणार, तर कोणताही कौन्सिल सदस्य एक ठराव मांडतो की या बिलाला शहराचा पाठिंबा किंवा विरोध शहराच्या लेजिस्लेटिव्ह प्रोग्राममध्ये घ्यावा. मग चीफ लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्ट नावाचं कौन्सिलचं स्वतःचं ऑफिस आहे ते अभ्यास करून रिपोर्ट देतं, शहराच्या आधीच्या धोरणाशी हे जुळतं का ते सांगतं, समितीत चर्चा होते, मग पूर्ण कौन्सिल, मग मेयरची संमती. त्यानंतर ती शहराची अधिकृत भूमिका होते आणि शहराची माणसं सॅक्रामेंटोत आणि वॉशिंग्टनमध्ये तीच भूमिका मांडतात. म्हणजे वर जाऊन बोलायच्या आधी गावानं आपलं म्हणणं एक केलेलं असतं.

आपल्याकडं उलटं होतं असं मला वाटतं, नगराध्यक्ष एक मागतात, विरोधी गटनेते आमदारांकडे दुसरं मागतात, मुख्याधिकारी तिसराच प्रस्ताव पाठवतात, आणि तिघांची पत्रं एकाच टेबलावर पोचतात. समोरच्याला ते फाइलला लावून ठेवायला कारण मिळतं. आपला कायदा वेगळा, आपली कौन्सिल गरीब, सगळं मान्य, पण वर्षातून एकदा सगळ्या सदस्यांनी बसून "यंदा राज्याकडून आपल्याला काय पाहिजे, केंद्राकडून काय, जिल्ह्याकडून काय" असा एक ठराव करायला पैसे लागत नाहीत.

काळी_माती

सगळं ठीक आहे पण मी स्पष्ट सांगतो, समिती-रजिस्टर काही कामाचं नाही, आमदार पालकमंत्र्यायच्या जवळचा असला तर निधी येते नाही तर नाही येत. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्रीच अध्यक्ष असते. आमच्या गावात चार वर्षं मी हेच पाह्यलं.

निवृत्त_लेखापाल

काळी_माती भाऊ, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण २७ वर्षं हिशोब लिहिले म्हणून सांगतो, आमदारसाहेबांनी मंजूर करून आणलेला निधी सुद्धा परत जाताना मी पाहिला आहे, कारण जागेचा कागद नव्हता आणि मागच्या कामाचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलं नव्हतं. आमदार दार उघडून देतील, आत जायला कागद तुमचाच लागतो. १५ व्या वित्त आयोगाचंच घ्या, २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, पाणी आणि घनकचऱ्यासाठीच, आणि हिशोब ऑनलाइन टाकलेले पाहिजेत ही अट. यात कोणाची ओळख चालत नाही.

जिल्हा नियोजन समितीबद्दलही. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव हे खरं, पण राज्यघटनेच्या कलम २४३ झेडडी प्रमाणं तिच्यातले किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडून जायचे असतात. म्हणजे तुम्हाला, प्रभाग_पाच, तिथं मत आहे. त्या निवडणुकीची नोटीस येईल तेव्हा लक्ष ठेवा आणि शेजारच्या तालुक्यातल्या नगरपरिषदांच्या सदस्यांशी आधीच बोला. जिल्हास्तरीय नगरोत्थान, नागरी दलित वस्ती सुधार, या योजनांचे पैसे त्याच समितीच्या आराखड्यातून येतात.

प्रभाग_पाच

सगळ्यायचे मनापासून आभार. ताई, तुमचं ऐकून आज लेखा शाखेत गेलो. करार सापडला! बिलाच्या गठ्ठ्यातच होता, मुदत संपून दोन वर्षं झाली. मुख्याधिकारी साहेबायले दाखवला, तेयनं बी कधी पाह्यला नव्हता.

झुडपी जंगलाचं मात्र कोणी सांगितलं नाही, ते मले सगळ्यात जास्त पाह्यजे आहे. गावचा कचरा रोज ट्रॅक्टरनं तिथंच जाते, धूर निघते, शेजारच्या ग्रामपंचायतीचे लोक दोनदा ट्रॅक्टर अडवून बसले. तेयचं बी चुकत नाही, धूर तेयच्याच घरात जाते.

नोंदी_वाचणारा

झुडपीवर लिहितो, मी भंडारा-गोंदियाकडं जमिनीच्या नोंदींचं काम करतो.

हा विषय पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांचा, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. जुन्या मध्यप्रांताच्या नोंदीत जी झुडपं असलेली, गुरं चरायची पडीत जमीन होती ती झुडपी जंगल म्हणून लिहिली गेली अन् १९५६ नंतर आपल्याकडं तशीच आली. साधारण ८६ हजार हेक्टर. त्यावर शाळा आहेत, सरकारी ऑफिसं आहेत, स्मशानभूमी आहेत, लोकांची घरं आहेत. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की ही जमीन वनजमीनच आहे. पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी जे वाटप झालं अन् त्यानंतर जे झालं त्यात कोर्टानं फरक केला. आधीच्यासाठी राज्यानं केंद्राकडं मान्यतेचा प्रस्ताव टाकायचा, नंतरच्यासाठी फार कडक विचारणा, कोणत्या अधिकाऱ्यानं दिली इथपर्यंत.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न तारखेचा आहे. ही जागा नगरपरिषदेले कधी अन् कोणत्या आदेशानं भेटली? आदेश भेटला का नुसता ताबा आहे? तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जा, जुना मिसल नंबर (जुन्या बंदोबस्ताच्या नोंदीचा नंबर) काढा, निस्तार पत्रक (गावच्या सामायिक जमिनीचा वापर कशासाठी ते लिहिलेली जुनी नोंद) काढा. कधी कधी निस्तार पत्रकातच त्या गटाचा उपयोग लिहून असते, अन् कधी तो आता वापरात आहे त्यापेक्षा वेगळा निघते, ते बी आधीच माहीत पाहिजे. मग प्रस्ताव तुमच्याकडून उपवनसंरक्षकाकडं, तो ऑनलाइन परिवेश पोर्टलवर जाते, पुढं राज्य, पुढं केंद्राचं पर्यावरण मंत्रालय. तुमच्या एका कचऱ्याच्या जागेले तीन सरकारं लागतात, अन् चौथी ती शेजारची ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीले सगळ्यात शेवटी विचारतात लोक, तसं करू नका, तिथंच पहिले जा. तिच्या सरपंचाले अन् पाच-सहा गावकऱ्यांले घेऊन एकदा जागेवर बसा, धूर बंद करायची तारीख द्या अन् ती पाळा. जुना कचरा उपसून वेगळा करायचं काम स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात बसते, त्याले जमिनीची मान्यता येईपर्यंत थांबायचं काम नाही असं माझं मत आहे, तरी वनविभागाले लेखी कळवून मगच मशीन लावा.

माजी_सभापती_ताई

दोन वर्षं करार नाही म्हणजे पाणी त्यांच्या मेहरबानीवर चालू आहे भाऊ. हे सगळ्यात आधी घ्या. पाणीपुरवठ्याची नवी योजना अमृत २.० मध्ये टाकायची असेल, एक लाखाच्या आतल्या शहराला केंद्राचा वाटा ५० टक्के असतो, तर पाणी कुठून येणार याचा कागद मागतातच. धरणात आपल्या नावाचं पाणी नसेल तर त्या डीपीआरला, म्हणजे योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालाला, काय अर्थ.

वर्धेकडचा_अभियंता

अजून एक. नागपूरच्या अधिवेशनाचा उपयोग करून घ्या. १९५३ च्या नागपूर करारामुळं वर्षातून एकदा सरकार आपल्या दाराशी येते, मुंबईले जायचा खर्च वाचते. पण मोर्चाच्या गर्दीत निवेदन देऊन फोटो काढला म्हणजे झालं असं नाही. आधी महिनाभर आमदारांकडं लक्षवेधीसाठी किंवा तारांकित प्रश्नासाठी मुद्देसूद कागद द्या, एका पानाचा, संयुक्त पाहणीचा अहवाल जोडून. प्रश्न लागला की खात्याले उत्तर तयार करावं लागते, अन् उत्तर तयार करायले ते तुमच्याच ऑफिसले फोन करतात. बंद फाइल तेव्हा उघडते.

प्रभाग_पाच

नगराध्यक्ष ताईसोबत आज दोन तास बसलो, विरोधी गटनेते बी होते. सगळ्या खात्यायकडं पाठवलेले विषय मोजले, अकरा निघाले. चार विषयायचे जावक क्रमांक भेटले, तिकडचे आवक क्रमांक एकाचाच. ताई म्हणाल्या ठराव आणा, मी विषय घेतो. लेखापाल दादा, ठरावाचा मजकूर कसा लिहू? कलेक्टर साहेब ठराव थांबवू शकतात असं एक जण म्हणाला म्हणून भीती वाटते.

निवृत्त_लेखापाल

थांबवू शकतात, कलम ३०८ आहे, पण ते बेकायदेशीर किंवा लोकांना त्रास होईल अशा ठरावासाठी. तुम्ही कोणाचा अधिकार घेत नाही आहात. समितीला नवीन अधिकार देतो असा शब्द टाकू नका, मुख्याधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार त्यांच्याकडंच राहू द्या. असं लिहा:

"नगरपरिषदेने राज्य शासन, केंद्र शासन, जिल्हा परिषद, लगतच्या ग्रामपंचायती व इतर शासकीय यंत्रणांकडे सादर केलेल्या सर्व प्रस्तावांची एकत्रित नोंदवही मुख्याधिकारी यांनी ठेवावी व ती स्थायी समितीच्या प्रत्येक सभेत विषय क्रमांक १ म्हणून वाचनासाठी ठेवावी. विषय समितीच्या सभापतीची मुदत संपताना त्या समितीच्या प्रलंबित प्रस्तावांची यादी नवीन सभापतीकडे सहीनिशी सुपूर्द करावी. दरवर्षी सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत पुढील वर्षाच्या मागण्यांचा एकच ठराव करावा."

सप्टेंबर यासाठी की त्यानंतर पाण्याच्या आरक्षणाची बैठक येते आणि मग नागपूरचं अधिवेशन. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक विरोधी गटातला घ्या.

प्रभाग_पाच

गटनेते अनुमोदन द्यायले तयार झाले, आत्ताच फोन झाला. उद्या सकाळी टाइप करून घेतो. नालीच्या संयुक्त पाहणीसाठी पत्र आजच दिलं, स्वतः जाऊन, तिकडचा आवक क्रमांक घेऊनच आलो. निस्तार पत्रकासाठी सोमवारी तहसीलला जातो, काय निघते ते इथं लिहीन.